हे वाक्य निवेदकाचं की पात्राचं? व्याकरणावरून कसं ओळखायचं?

प्रश्न
तृतीयपुरुषी कथेतला हा तुकडा पाहा:

‘सुधा खिडकीशी थांबली. पाऊस जणू सूड घेत होता. आता कोण येणार इतक्या रात्री? दार वाजलं. आपणच कडी लावली नव्हती.’

सुधा घरात एकटी आहे. मग ‘आपण’ म्हणजे कोण? आणि पावसाची ती कल्पना लेखकाची की सुधाची?

उत्तर १
प्रत्येक वाक्यापुढे ‘असं सुधाच्या मनात आलं’ जोडून बघा. ‘आता कोण येणार इतक्या रात्री’ला ते एकही शब्द न बदलता बसतं, म्हणजे तो सुधाचा विचार. ‘सुधा खिडकीशी थांबली’ला जोडलं की विचित्र वाटतं, ते निवेदकाचं.

‘आपण’ हा सगळ्यात पक्का पुरावा. मराठीत मनातला विचार सांगताना विचार करणारी व्यक्ती स्वतःला ‘आपण’ म्हणते. तिथे ‘तिनेच कडी लावली नव्हती’ लिहिलं असतं, तर दुसऱ्याच कुणा बाईवर संशय जाऊ शकला असता. म्हणून इथे आपण म्हणजे सुधाच.

धोका एवढाच, की ‘आपण’ म्हणजे ‘तू-मी मिळून’ असाही अर्थ होतो. प्रसंगात दुसरं माणूस असेल तर वाचक अडखळतो. क्रियापदही मदतीला येत नाही: ‘लावली’ कडीप्रमाणे चालतं, आणि ‘आपण चुकलो’ म्हटलं की सुधाचं स्त्रीलिंगही पुसलं जातं. अशा वेळी आधीच्या वाक्यात पात्राचं नाव हवंच.

उत्तर २
पावसाबद्दल. ‘जणू’ आहे, म्हणजे ही उत्प्रेक्षा: पाऊस सूड घेत नाही हे ठाऊक असूनही तशी कल्पना केली आहे. ‘जणू’ काढा. ‘पाऊस सूड घेत होता’ ही चेतनगुणोक्ती झाली, म्हणजे निर्जीव गोष्ट माणसासारखी वागते असं सांगणं, आणि पुढे लगेच सुधाचा प्रश्न असल्यामुळे ती थेट सुधाच्या भीतीतून आल्यासारखी वाचली जाते. मी तरी ‘जणू’ काढेन. त्या शब्दाने निवेदक उगाच मध्ये उभा राहतो.

अलंकार पात्राचा म्हणायचा तर त्यातली वस्तू पात्राच्या अनुभवातली हवी. समुद्र कधीच न पाहिलेल्या मुलाच्या मनात भरती-ओहोटी आली, की तिथे लेखक बोलतो आहे हे लगेच कळतं.

उत्तर ३
उत्तर १मधल्या कसोटीत ‘दार वाजलं’ अधांतरी राहतं, कारण ते दोघांचंही असू शकतं. प्रत्येक वाक्याचा मालक ठरवायचा हट्ट नको. तिथे जागा बघा: आवाज घराच्या आत ऐकू येतोय, म्हणजे वाचक अजून सुधाजवळच आहे. ‘येणार’सुद्धा तेच सांगतं, कारण येणं हे सहसा बोलणाऱ्याच्या दिशेने असतं.

खरी चूक वेगळीच होते. इतकं मनात शिरून पुढे ‘सुधा घाबरलेली दिसत होती’ असं लिहिलं जातं. दिसत होती कुणाला? खोलीत बघणारं कुणीच नाही. ‘सुधाच्या घशाला कोरड पडली’ चालेल, ते तिला स्वतःला जाणवतं.