नवे उत्पादन घडवण्याचे कौशल्य अभियंत्याला कुठून येते?

प्रश्न (मकरपुरा, बडोदे)

नमस्कार. मी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका पंप कारखान्यात डिझाइन विभागात काम करतो. ग्राहकाला हवा तो हेड (पाणी चढवण्याची उंची) आणि डिस्चार्ज (पाण्याचा प्रवाह) मिळावा म्हणून इम्पेलर, म्हणजे पंपातील फिरते चक्र, ट्रिम करणे, शाफ्टचा व्यास तपासणे, जुन्या ड्रॉइंगमध्ये फेरफार करणे ही कामे सफाईने होतात; परंतु सर्वस्वी नवे काही सुचवायची वेळ आली की हात थांबतो. मध्यंतरी आम्हाला नवकल्पनेवरील कार्यशाळेला पाठवले होते. तेथे भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या आणि सोमवारी आम्ही पुन्हा जुन्याच ड्रॉइंगवर बसलो. हे कौशल्य शिकता येते का, आणि येत असेल तर नोकरी सांभाळून त्याचा सराव कसा करावा?

उत्तर १ (निवृत्त मोटर अभियंता, दांडिया बाजार)

शिकता येते, मात्र सभागृहात बसून नव्हे, असे माझे ठाम मत आहे. आपला पंप कारखान्याच्या फाटकाबाहेर गेल्यावर कशाने बंद पडतो, हे डिझाइन विभागातील माणसाला सहसा पाहायला मिळत नाही, आणि नव्या कल्पना तर तिथेच असतात. टेस्ट बेडवर, म्हणजे कारखान्यातील चाचणीच्या जागी, व्होल्टेज पूर्ण असते आणि पाणी स्वच्छ असते. पादरा-डभोईकडच्या शेतात दोन्हींची खात्री नसते. इंडक्शन मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे व्होल्टेज ८० टक्क्यांवर आले की टॉर्क ६४ टक्केच उरतो. हे सूत्र आपल्या सर्वांना पाठ असते, पण त्याचा परिणाम फार थोड्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो.

मोटरच्या कॉइल पुन्हा गुंडाळून देणाऱ्या एखाद्या वाइंडिंगच्या दुकानात सुटीच्या दिवशी जाऊन बसा आणि जळून आलेला स्टेटर (मोटरचा कॉइल बसवलेला स्थिर भाग) हातात घेऊन पाहा. तीन फेजच्या कॉइल एकमेकींना जोडण्याच्या स्टार आणि डेल्टा अशा दोन पद्धती आहेत; स्टार जोडणीच्या मोटरमध्ये दोन फेजच्या कॉइल काळ्याठिक्कर आणि तिसऱ्या फेजच्या जवळपास नव्यासारख्या दिसल्या, तर एक फेज गेल्यावरही मोटर चालू राहिली होती असे समजावे. डेल्टा जोडणीत याच बिघाडाने एकाच फेजच्या कॉइल जळतात. तिन्ही फेज सारख्याच करपल्या असतील तर जादा भार किंवा कमी व्होल्टेजकडे बोट जाते. कारागिराला हे एका नजरेत कळते, परंतु त्याचे हे ज्ञान आपल्या ड्रॉइंगपर्यंत कधी पोहोचत नाही. अशा नोंदी वहीत साठू लागल्या की कोणता प्रश्न सोडवण्याजोगा आहे हे दिसू लागते, आणि माझ्या मते प्रश्नाची निवड हे निम्म्याहून अधिक काम आहे.

आपल्या शहराला हे नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये स्थापन केलेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. ते स्वतः आणि त्यांचे शिष्य भाईलाल अमीन हे दोघेही १९०७ मध्ये अलेम्बिक या औषध कंपनीच्या उभारणीत होते. वर्ग आणि कारखाना यांच्यात तेव्हा एवढे अंतर नव्हते.

उत्तर २ (अभियांत्रिकीचा अध्यापक)

वरील उत्तराशी सहमत आहे. त्यात मोजमापाची भर घालतो. राइट बंधूंच्या १९०१ च्या ग्लायडरला हिशेबाने अपेक्षित असलेल्या उचलीच्या साधारण एक तृतीयांशच उचल मिळाली. तेव्हा सर्वमान्य कोष्टकांवर विसंबून न राहता त्यांनी स्वतः एक लहान वातबोगदा (हवेच्या झोतात नमुने तपासण्याची पेटी) बांधला, हॅकसॉची पाती आणि सायकलच्या तारा वापरून तराजू केला आणि पंखांचे सुमारे २०० नमुने तपासले. १९०२ चे ग्लायडर त्यातून घडले. आपणही चाचणीपूर्वी अपेक्षित आकडा कागदावर लिहून सही करावी. निकाल वेगळा आला की नेमके कोणते गृहीतक ढासळले ते शोधावे लागते, आणि हा शोध घेण्याची सवय हेच ते कौशल्य.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. अडचण अशी की चाचणी फसली तर वरिष्ठ खर्चाचा हिशेब मागतात.

उत्तर ३ (पेटंट विभागात काम करणारी अभियंता, अलकापुरी)

मग चाचणीच इतकी लहान करा की हिशेब देणे जड जाणार नाही. संपूर्ण पंप ओतण्याऐवजी ज्या एका भागाबद्दल शंका आहे, तेवढाच थ्री-डी प्रिंट करून पाण्यात फिरवून पाहा, आणि "या चाचणीने अमुक प्रश्नाचे उत्तर मिळेल" असे वरिष्ठांना आधीच लेखी द्या.

पहिल्या उत्तरातील काकांचा मुद्दा मला मान्य आहे, तरी केवळ शेतावर जाऊन भागत नाही. तीच अडचण इतरांनी कशी सोडवली हेही ठाऊक हवे. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर हे विनामूल्य शोधता येते. पेटंटमधील दावे (नेमका कशावर हक्क सांगितला आहे ते कलम) वाचायला क्लिष्ट असतात, म्हणून सुरुवात पार्श्वभूमी आणि आकृत्यांपासून करावी. जुन्या रचनेत काय खटकत होते ते तिथे सहसा स्पष्ट लिहिलेले असते.

आणि काही खरोखर नवे हाती लागले, तर वितरकांच्या मेळाव्यात नमुना मांडण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज दाखल करा. त्यानंतर पूर्ण तपशील देण्यासाठी १२ महिने मिळतात. आधीच जाहीर झालेल्या गोष्टीला नावीन्याचा दावा टिकवणे फार अवघड जाते.