टॉमबॉय पुन्हा सुरू होईल का?

ओवीवेडी:
लिनक्सवर टॉमबॉय हा टिपणवहीचा प्रोग्राम वापरणारं इथं अजून कुणी आहे का? मी मावळातल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेते. कितीतरी वर्षांची टिपणं टॉमबॉयमध्ये आहेत आणि नव्या लॅपटॉपवर तो मिळतच नाही.

‘बंधुराया’ नावाचं टिपण एकदा केलं की पुढं कुठंही बंधुराया टाइप करा, शब्द आपोआप निळा होऊन त्या टिपणाला जोडला जायचा. आजीबाई रंगात आल्या की थांबत नाहीत, त्यांना थांबवूही नये. अशा वेळी दुवा द्यायला हात मोकळा कुठून असणार? टिपणाचं नाव बदललं तर ‘बाकीच्या टिपणांतले दुवेही बदलू का?’ असं तो स्वतःहून विचारायचा. आणि बंधुरायाकडे कोणकोणती टिपणं येतात याची यादी उघडली, की वेगवेगळ्या गावांतल्या ओव्या एकाखाली एक. माझं निम्मं संशोधन त्या यादीतून झालंय. कुणी तो परत उभा करतंय का?

कोडकर:
ताई, जसाच्या तसा परत येणं अवघड आहे. तो सी-शार्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला, चालायला मोनो नावाची वेगळी प्रणाली लागायची, वर खिडक्या-बटणं दाखवायला जुनं जीटीके 2. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारानंही 12.04 या आवृत्तीपासून तो मूळ संचातून काढला.

पण वारस दोन आहेत. ह्यूबर्ट फिगिएर यांनी 2009 मध्ये तोच सी-प्लसप्लसमध्ये नव्यानं लिहिला, तो जीनोट. दुसरा टॉमबॉय-एनजी, डेव्हिड बॅनन यांचा, फ्री पास्कलमधला; तो विंडोजवरही चालतो. शब्द आपोआप जोडणं दोन्हीकडे आहे. तुमच्यासाठी मी जीनोट म्हणेन, त्यात ती यादीही मिळते.

आधी जुन्या मशीनवरचं टॉमबॉयचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. होममध्ये कंट्रोल-एच दाबलं की लपलेली फोल्डरं दिसतात. ‘लोकल’मध्ये ‘शेअर’, त्यात ‘टॉमबॉय’. एका टिपणाची एक फाइल, साधी एक्सएमएल, म्हणजे खुणा घातलेला मजकूर. कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते, त्यामुळे ओव्या कुठं जात नाहीत.

पेठकर:
मी ऑब्सिडियन हा टिपणांचाच दुसरा प्रोग्राम सुचवेन. टॉमबॉयला अख्खा शब्द जुळावा लागायचा. ‘माहेर’ जोडलं जाई, ‘माहेराला’ तसंच राही. ऑब्सिडियनमध्ये दुहेरी चौकटी कंसात दुवा माहेरला आणि दिसायला माहेराला, असं करता येतं. मराठीत विभक्तीशिवाय पान हलत नाही, हे महत्त्वाचं वाटतं.

ओवीवेडी:
दोघांचे आभार. जीनोट लावला, जुनी टिपणं आली, दुवेही शाबूत आहेत. यादीत बंधुराया उघडला आणि खरंच डोळे भरून आले.

पेठकर, तुमचं म्हणणं पटतं, पण समोर आजी गात असताना कंस घालणं मला जमणार नाही. विभक्तीसाठी मी ‘माहेराला’ नावाचं वेगळं टिपण करते आणि आत एवढंच लिहिते: माहेर. तो शब्द आपोआप जोडला जातो, दोन टिचक्यांत मुक्कामी पोचते. ‘माहेरी’, ‘माहेरच्या’ यांचंही तसंच.

एका टिपणाला चार नावं देता आली तर हा खटाटोपच उरणार नाही. जीनोटवाल्यांकडे ही सोय मागायची आहे. कोडकर, मी मराठीत सगळी उदाहरणं काढून देते. इंग्रजीत नीट मांडून द्याल का?

कोडकर:
नक्की देतो. माहेर, बंधुराया आणि जातं, या तिन्हींची जेवढी रूपं ओव्यांत सापडतात तेवढी पाठवा. ‘जात्यावर’मध्ये मूळ शब्दच बदलतो, ते उदाहरण सगळ्यात वर ठेवू.