स्वतःच्याच फाइल उघडायला भाडं का भरायचं?

कुंचला:
मी पुस्तकांची मुखपृष्ठं आणि मांडणी करते. मध्ये काही महिने काम नव्हतं, म्हणून अ‍ॅडोबीच्या सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन थांबवलं होतं. मग एका जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. सहा वर्षांपूर्वीची फाइल उघडायला गेले, तर आधी पैसे भरा. मांडणी माझी, फाइल माझ्याच हार्डडिस्कवर, आणि कुलूप दुसऱ्याचं! दोन ओळींच्या दुरुस्तीसाठी पुन्हा वर्षभराचा करार करावा लागला.

अ‍ॅडोबीने मे २०१३ मध्ये जाहीर केलं की यापुढे फक्त क्रिएटिव्ह क्लाउड, म्हणजे हप्त्यावर मिळणारी सॉफ्टवेअर; एकदाच पैसे भरून घ्यायच्या सॉफ्टवेअर-संचांमधली सीएस६ ही शेवटची आवृत्ती. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आजही दरमहा पैसे द्यायला माझी ना नाही. हप्ता थांबला की नव्या सोयी थांबाव्यात, नवं काम थांबावं. पण केलेलं काम उघडता आलंच पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

दुपारचा उजेड:
तुमचा त्रास समजतो, पण पूर्वी आपण मालक होतो हे मला पटत नाही. खोक्यातून सीडी आणली तरी विकत घेतलेला असायचा तो वापराचा परवानाच. फ्रीहँड हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर आठवतं? २००५ मध्ये अ‍ॅडोबीने ते बनवणारी मॅक्रोमीडिया कंपनी विकत घेतली आणि २००७ मध्ये फ्रीहँडचा विकास थांबवला. लोकांनी रोख मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर होतं ते. २०१९ मध्ये अ‍ॅपलच्या मॅकओएस कॅटालिनाने ३२-बिट, म्हणजे जुन्या घडणीचे, प्रोग्राम चालवणं बंद केलं, तेव्हा सीएस६वाल्यांनाही जुन्या मशीनला चिकटून राहावं लागलं. कपाटातली सीडी काय कामाची?

दुसरं म्हणजे, मी या धंद्यात आलो तोच मासिक हप्त्यामुळे. एकरकमी पैसे माझ्याकडे कधीच जमले नसते. माझ्याबरोबर शिकणारे बहुतेक जण क्रॅक केलेली प्रत वापरायचे आणि ती लपवत फिरायचे. मला ते करावं लागलं नाही, याचं मोल माझ्या लेखी फार मोठं आहे.

टिंब:
ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या मोफत सॉफ्टवेअरकडे वळा. २००२ मध्ये ते बनवणारी कंपनी बंद पडल्यावर लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, सगळ्यांसाठी मोकळा करून घेतला. तो आता कोणाला बंद करता येणार नाही.

दुपारचा उजेड:
टिंब, ब्लेंडर उत्तमच आहे, पण त्यात पुस्तकाची पानं लागत नाहीत. ज्याच्याबरोबर काम करायचं त्याच्या फाइल उघडाव्या लागतात.

कुंचला:
उजेड, फ्रीहँडचा मुद्दा मान्य. पण जुनं मशीन सांभाळलं तर सीएस६ निदान उघडतं तरी. हप्ता संपल्यावर तेवढीही सोय उरत नाही. शिवाय २०२२ च्या अखेरीस काय झालं ते पाहा. छपाईचे प्रमाण रंग ठरवणारी पँटोन कंपनी आणि अ‍ॅडोबीचं परवान्यावरून बिनसलं आणि अनेकांच्या जुन्या फोटोशॉप फाइलमधले पँटोन रंग काळे दिसू लागले. ते परत हवे असतील तर पँटोनला वेगळे पैसे. आणि हे हप्ता नियमित भरणाऱ्यांच्या बाबतीत! रंग ठरवण्यात दिवस घालवलेल्या माणसाला काय वाटलं असेल?

छायाचित्री:
कुंचला ताईंची मागणी अशक्य नाही, हे मी खात्रीने सांगते. त्याच अ‍ॅडोबीच्या लाइटरूम क्लासिक या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये सबस्क्रिप्शन संपल्यावरही फोटो पाहता येतात, एक्सपोर्ट करता येतात. डेव्हलप (फोटो सुधारणं) आणि मॅप (नकाशा) हे विभाग तेवढे बंद होतात. एका सॉफ्टवेअरमध्ये जमतं, तर बाकीच्यांत का नाही?

दुपारचा उजेड:
हे मला ठाऊक नव्हतं. मग ‘पाहणं आणि एक्सपोर्ट करणं कायम खुलं असावं’ इथवर मी तुमच्याबरोबर आहे. मासिक हप्त्याची पद्धतच वाईट, हे मात्र मान्य नाही. छापखान्याला तशीही पीडीएफ लागते, तेवढी जपून ठेवली तर भागत नाही का?

कुंचला:
नाही हो. पीडीएफ म्हणजे लागून झालेलं पान. मधला एक परिच्छेद वाढला की पुढचा मजकूर आपोआप सरकत नाही, आणि नव्या आवृत्तीत नेमकं तेच लागतं.

टिंब:
ताई, इनडिझाइन या अ‍ॅडोबीच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधल्या फाइल असतील तर हप्ता चालू आहे तोवर प्रत्येकीची आयडीएमएल या प्रकारातली प्रत काढून ठेवा. ती मांडणीच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे स्क्रायबस आणि अ‍ॅफिनिटीमध्ये उघडते. थोडं इकडंतिकडं होतं, पण मजकूर आणि चौकटी हाताशी राहतात.

कुंचला:
इनडिझाइनच्याच आहेत. आज रात्रीपासून सुरुवात करते. जुन्या पुस्तकांपासून.