ट्रेलर जोडल्यावर फक्त लांब चढणीवर इंजिन तापते: दोष रेडिएटरचा, थर्मोस्टॅटचा की आणखी कशाचा?

प्रश्न

माझी गाडी टर्बो डिझेल इंजिनाची आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची असून बरीच वर्षे वापरलेली आहे. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन सुमारे १८०० किलो आणि भरलेल्या ट्रेलरचे १२०० किलो होते. निर्मात्याने ठरवून दिलेल्या मर्यादेत हे दोन्ही आकडे बसतात. एकटी गाडी कितीही चढण चढली तरी तापमानाचा काटा मध्यावरून हलत नाही, आणि सपाट रस्त्यावर ट्रेलरसह चालवतानाही काही अडचण येत नाही. मात्र ट्रेलर जोडलेला असताना लांब चढण लागली की काही मिनिटांत काटा मध्याच्या पुढे सरकू लागतो आणि उतार लागला की आपोआप खाली येतो. पाणी उकळून बाहेर पडल्याचे अद्याप दिसलेले नाही. ओव्हरफ्लो बाटलीतील पातळी कमी दिसली की मी तिच्यात साधे पाणी घालत आलो आहे. एका मेकॅनिकने थर्मोस्टॅट (पाणी पुरेसे तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकायला सांगितले, तर दुसऱ्याने मोठा रेडिएटर बसवायला. ओझे ओढताना एवढे तापणे स्वाभाविक मानावे का, आणि खर्चात पडण्यापूर्वी काय तपासावे?

पहिले उत्तर

काटा मध्याच्या पुढे जाणे स्वाभाविक मानू नये. बहुतेक आधुनिक गाड्यांमध्ये काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो; कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान बऱ्याच अंशांनी कमीजास्त झाले तरी तो मध्यावरच दिसतो, म्हणजे तो हलला तेव्हा तापमान नेहमीच्या पट्ट्याच्या बाहेर गेलेलेच असते. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातील माहिती वाचण्याच्या जोडणीला) जोडायचा एखादा साधा रीडर घेऊन प्रत्यक्ष अंश पाहत चालवल्यास दोष कळायला पुष्कळ मदत होईल.

आता ओझ्याचा हिशोब पाहू. शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर तीन टनांची जोडगाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने नेण्यासाठी, हवेचा आणि टायरांचा विरोध सोडूनही, सुमारे २९ किलोवॅट शक्ती लागते. एकट्या गाडीला त्याच वेगाने सुमारे १८ किलोवॅट पुरतात. इंधनातील ऊर्जेचा मोठा हिस्सा कूलंटमार्फत बाहेर टाकावा लागत असल्याने शक्ती वाढली की रेडिएटरवरचा भारही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे क्षमता बरीच घटलेला रेडिएटरसुद्धा एरवी निभावून नेतो आणि त्याची उणीव नेमकी ट्रेलर जोडल्यावर उघडी पडते. गाडी उभी असताना किंवा गर्दीत तापत असती तर मी आधी पंख्याकडे पाहिले असते. तुमच्या लक्षणांवरून मात्र जाळीतून जाणारी हवा किंवा नळ्यांतून जाणारे कूलंट कमी पडत असावे असे वाटते.

एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारा भाग) रेडिएटरच्या पुढे असतो आणि त्या दोहोंच्या फटीत धूळ, गवत व किडे यांचा थर साचतो. पुढून पाहिल्यास जाळी स्वच्छ दिसते, म्हणून वरचे आवरण काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहावे. थंड इंजिनावर, कमी दाबाच्या पाण्याने, इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने धुवावे. जोरदार फवाऱ्याने पातळ पत्र्या वाकतात आणि मग हवेची वाट कायमची अडते. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरण आणि बंपरखालची हवा वळवणारी पट्टी जागेवर आहेत ना, हेही पाहावे. या दोन्ही वस्तू कुठे तरी निखळून पडतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण मला अधिक खटकली ती पातळी कमी होण्याची गोष्ट. ही बंद प्रणाली आहे आणि तिच्यातील कूलंट वरचेवर कमी होता कामा नये. होजच्या जोडांवर आणि वॉटर पंपाच्या खालच्या छिद्राशी वाळलेले रंगीत डाग दिसतात का, हीटरजवळचा गालिचा ओलसर लागतो का, हे पाहावे आणि प्रणालीत दाब भरून गळती शोधणारी प्रेशर टेस्ट करून घ्यावी. बाहेर गळती सापडली नाही तर हेड गॅस्केटची (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधल्या सीलची) शंका धरून कूलंटमध्ये सिलिंडरमधला वायू येतो का, याची रासायनिक चाचणी करून घ्यावी. इंजिन थंड असताना सुरू करताच वरचा होज कडक होत असेल तर ही शंका बळावते.

साधे पाणी घालत राहिल्याने दोन प्रकारे नुकसान होते: त्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात आणि गंज रोखणारी द्रव्ये पातळ होतात. ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे असलेले मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळते. कूलंट भरण्याच्या झाकणाने सुमारे एक बार दाब धरून ठेवला तर तेच सव्वाशे अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. कुकरच्या झाकणासारखाच हा प्रकार आहे. झाकणाचे रबर वाळले असेल तर ही सगळी मोकळीक हातची जाते. झाकण स्वस्त असते, म्हणून मी ते आधी बदलेन आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रकारचेच कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून नव्याने भरेन. कूलंटच्या रंगावरून त्याचा प्रकार ठरवू नये, कारण रंगांना सर्वमान्य नियम नाही आणि भिन्न प्रकार एकत्र केल्यास गाळ तयार होऊ शकतो.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला कृपया मानू नका. इंजिनागणिक थोडा फरक असला तरी तो साधारण ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान उघडू लागतो, आणि तुमचा काटा वर सरकतो तोपर्यंत चांगला थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेलाच असतो. त्यामुळे तो काढून चढणीवर काहीच हाती लागत नाही. उलट अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याचा दुसरा पडदा बायपासची वाट बंद करतो. तो नसेल तर काही गरम कूलंट रेडिएटरकडे न जाता परस्पर इंजिनात परततो. अर्धवट उघडत असल्याची शंका असेल तर तो काढून, पाण्यात तापवून, थर्मामीटर लावून पाहावा आणि दोष असल्यास बदलावा.

तिसरे उत्तर

गिअरबॉक्सचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल अनेक गाड्यांत रेडिएटरच्याच एका टाकीत बसवलेल्या कूलरमधून फिरते. चढणीवर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलाद्वारे गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक न होता घसरत राहिला तर त्या तेलात प्रचंड उष्णता निर्माण होते आणि ती शेवटी तुमच्या कूलंटमध्ये येते. म्हणून चढणीच्या पायथ्याशीच हाताने खालचा गिअर निवडावा, म्हणजे गिअर सारखे वरखाली होत नाहीत आणि इंजिनाचे फेरे वाढल्याने, पंप पट्ट्यावर चालणारा असल्यास, तोही अधिक वेगाने फिरतो. वरच्या गिअरमध्ये पेडल दाबून इंजिन रेटणे सर्वांत वाईट.

मोठ्या रेडिएटरपेक्षा गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा कूलर बसवणे माझ्या मते अधिक उपयोगी ठरते, पण तेही आधीचे सारे स्वच्छ आणि निर्दोष झाल्यावरच. गिअरबॉक्सचे तेल काळपट झाले असेल किंवा त्याला जळका वास येत असेल तर ते थांबवून ठेवू नये. अनेक पुस्तिकांत ट्रेलर ओढणे कठोर वापरात मोडते आणि तेल बदलण्याचे अंतर त्यासाठी कमी दिलेले असते.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

आवरण काढून पाहिले. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट खालच्या अर्ध्या भागात गवताच्या कुसांनी आणि चिकट धुळीने भरलेली आढळली, आणि झाकणाच्या रबराला चिरा गेलेल्या आहेत. वॉटर पंपाखालीही पुसट डाग आहे, त्यामुळे प्रेशर टेस्ट करूनच पुढे जाईन. दरम्यान एक शंका आहे: वाटेत काटा चढलाच तर लगेच इंजिन बंद करावे की चालू ठेवावे? याबाबत परस्परविरोधी सल्ले ऐकले आहेत.

पहिल्या उत्तरकर्त्याचे प्रत्युत्तर

दोन्ही सल्ले आपापल्या परिस्थितीत बरोबर आहेत. काटा चढू लागताच आधी वेग कमी करावा. वरच्याच हिशोबाने ताशी ४० किलोमीटरला शक्तीची गरज २० किलोवॅटच्या आत येते, म्हणजे एकटी गाडी ६० ने चढवण्याइतकीच. सोबत एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण चालू करावा. हीटरचा गाभा हा छोटा रेडिएटरच असतो. तरीही काटा खाली येत नसेल, पण वाफ नसेल, लाल दिवा लागलेला नसेल आणि कूलंट सांडत नसेल, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवावे, कारण बंद करताच पंप थांबतो आणि धातूत साठलेली उष्णता जागच्या कूलंटला उकळवते. टर्बोलाही हेच मानवते.

मात्र वाफ दिसली, लाल दिवा लागला किंवा कूलंट वाहून गेले असेल तर इंजिन तत्काळ बंद करावे. फिरवायला कूलंटच उरले नसेल तर इंजिन चालू ठेवून हेड वाकण्यापलीकडे काही होत नाही. वरचा होज हाताला सोसवेल इतका थंड झाल्याशिवाय झाकण उघडू नये, आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नये, कारण त्याने हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

पंपाच्या डागाबद्दल म्हणाल तर, छिद्रातून थेंब येत असल्याची खात्री झाली की पंप बदलावाच, आणि तुमच्या इंजिनात तो टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टही त्याच वेळी बदलून घ्यावा, म्हणजे तेवढी खोलाखोल पुन्हा करावी लागणार नाही.