क्रमांकित फायलींची नावे टर्मिनलमधून एकगठ्ठा बदलण्याबाबत सल्ला हवा

धागाकर्ती :
आमच्या गावच्या वाचनालयातील १९६२ सालच्या एका हस्तलिखित अंकाचे स्कॅनिंग मी नुकतेच पूर्ण केले. एकूण ३४६ जेपीजी फायली असून त्यांची नावे ‘अंक-१९६२-पान-१’, ‘अंक-१९६२-पान-२’ अशी आहेत. आकडे इंग्रजी अंकांत आहेत. विंडोजच्या फोल्डरमध्ये पाने ओळीने दिसत होती, परंतु उबुंटूवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) त्यांची एकत्र पीडीएफ केली तेव्हा १० आणि १०० ही पाने २ च्या आधी आली. शिवाय ११७ नंतरची दोन पाने एकमेकांना चिकटल्यामुळे राहून गेली होती. ती सुटी करून आता स्कॅन केली आहेत, त्यामुळे ११८ पासून पुढच्या प्रत्येक फायलीचा क्रमांक दोनने वाढवावा लागेल. अंकाची दुसरी प्रत नाही आणि त्याचा कागद पुन्हा हाताळणी सोसेल असे वाटत नाही, म्हणून खात्रीचा मार्ग सुचवावा.

प्रतिसाद १ :
विंडोजचा एक्सप्लोरर नावातील आकड्यांना संख्या म्हणून वाचतो, तर शेल (टर्मिनलमधील आज्ञा चालवणारी प्रणाली) नावांची तुलना एकेका अक्षराने करते. म्हणून तिला १०० हे २ च्या आधीचे वाटते. सर्व क्रमांक तीन अंकी केले, म्हणजे ७ चे ००७ केले, की दोन्हीकडे क्रम सारखाच लागतो. त्यासाठी मी ‘रीनेम’ हे नावे बदलण्याचे साधन सुचवेन. उबुंटूवर ते एप्टने (प्रोग्राम बसवणाऱ्या आज्ञेने) बसवता येते, पर्ल या भाषेतील रेग्युलर एक्स्प्रेशनवर (मजकुरातील नमुना वर्णन करण्याच्या पद्धतीवर) चालते, आणि ‘-एन’ हा पर्याय दिल्यास प्रत्यक्ष काही न बदलता कोणत्या नावाचे काय होईल एवढेच दाखवते. ही यादी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्या नावांत १९६२ हा आकडा आधी येतो, म्हणून ‘पहिली सापडेल ती संख्या’ असा नमुना दिला तर बदल सालावर होईल आणि पान तसेच राहील. नमुना टिंबाच्या लगेच आधीच्या आकड्यांशी बांधावा. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर याच नावाची आज्ञा वेगळ्या प्रोग्रामची असून ती केवळ एका मजकुराच्या जागी दुसरा घालते, त्यामुळे तिथल्यासाठी लिहिलेली उदाहरणे आपल्याकडे उतरवू नयेत.

प्रतिसाद २ :
शून्ये लावणे सोपे आहे. खरा धोका क्रमांक दोनने सरकवण्यात आहे. नाव बदलणारी ‘एमव्ही’ ही आज्ञा काही न विचारता जुन्या फायलीवर नवी ठेवते. ११८ पासून चढत्या क्रमाने गेल्यास ११८ ची फाइल १२० होते आणि मूळ १२० नाहीशी होते. पुढे तीच फाइल १२२ होते, मग १२४, आणि ३४६ पर्यंत पोहोचेतो २२९ पानांपैकी फक्त दोन उरतात. माझ्या आजोबांच्या पत्रांच्या फायलींबाबत माझ्याकडून नेमके हेच घडले, आणि त्यातली काही पत्रे मला परत मिळाली नाहीत. उतरत्या क्रमाने जाणे हा एक उपाय आहे. ओळीने आकडे देणाऱ्या ‘सेक’ या आज्ञेला ३४६, उणे १ आणि ११८ असे तीन आकडे दिल्यास तो क्रम मिळतो. तरीही मी आपणास नावे बदलूच नका असे सांगेन. रिकामे फोल्डर करून ‘सीपी’ या प्रत काढणाऱ्या आज्ञेने त्यात नव्या नावाने प्रती काढाव्यात : पहिली ११७ पाने त्याच क्रमांकाने, पुढची २२९ दोन मिळवून, आणि शेवटी राहिलेली दोन पाने ११८ व ११९ म्हणून. मूळ फोल्डरला हात लागत नसल्याने क्रम उलटा असो की सुलटा, काही नष्ट होत नाही.

प्रतिसाद ३ :
एक पुरवणी. शून्ये लावलेल्या नावातून क्रमांक काढून बॅशमध्ये (उबुंटूच्या नेहमीच्या शेलमध्ये) बेरीज केली तर ००८ आणि ००९ वर चूक येते, कारण शून्याने सुरू होणारी संख्या बॅश अष्टमान पद्धतीची (जिच्यात ८ आणि ९ हे अंकच नसतात) समजते. संख्येपूर्वी दहा आणि हॅशचे चिन्ह लिहिले की ती दशमान धरली जाते.

धागाकर्ती :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. नव्या फोल्डरमध्ये प्रती काढल्या, फायली मोजल्या, त्या ३४८ भरल्या, आणि ११६ ते १२२ ही पाने उघडून मूळ अंकाशी ताडून पाहिली. आता पुढच्या अंकाचा प्रश्न आहे : तो स्कॅन करणाऱ्या कार्यकर्त्याने नावांतले आकडेच देवनागरीत लिहिले आहेत आणि क्रमांकाला शून्ये लावणारी ‘प्रिंटएफ’ ही आज्ञा त्यांना संख्या मानत नाही.

प्रतिसाद २ :
‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या साधनातील ‘वाय’ ही आज्ञा एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर ठेवते. तिला एकीकडे शून्य ते नऊ हे देवनागरी अंक आणि दुसरीकडे तेच इंग्रजी अंक द्यावेत. टर्मिनलचे लोकेल (भाषा व अक्षरांची मांडणी) यूटीएफ-८ (देवनागरीसह सर्व लिप्यांसाठीची संकेतपद्धती) असणे मात्र आवश्यक आहे. नाहीतर एकेक देवनागरी अंक तीन बाइटचा मोजला जातो आणि दोन्ही बाजूंची लांबी जुळत नसल्याची तक्रार येते. हेही रिकाम्या फोल्डरमध्ये प्रती काढूनच करावे.