उत्तर : एफपीएस ६०, तरी गेम अडखळतो

भाऊ, मँगोहडमध्ये (लिनक्सवर गेम चालू असताना पडद्यावर वेग, तापमान वगैरे दाखवणारं साधन) एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, ६० दिसतो तरी गेम अडखळतो म्हणता, तर त्या आकड्यावर जाऊ नका, तो सरासरी असतो. फ्रेमटाइमचा, म्हणजे एकेका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा, आलेख बघा. ६० ला रेष साधारण १६.७ मिलिसेकंदांवर सपाट हवी. मध्येच सुळका आला की तोच तो झटका. सोबत सीपीयू-जीपीयूचं (प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपचं) तापमानही दाखवायला लावा. आमच्या जळगावात मे महिन्यात दुपारी खोलीची भट्टी होते, माझा लॅपटॉप ९५ अंशांवर गेला की क्लॉक (चिपचा वेग) धाडकन खाली. शेवटी एफपीएस ४५ वर बांधला आणि लॅपटॉपखाली दोन जाड वह्या सरकवल्या. झालं काम.

मँगोहडची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल हाताने लिहायचा कंटाळा असेल तर गोओव्हरले घ्या, त्यात तीच सेटिंग खिडकीत क्लिक करून होते. स्टीम (गेम घ्यायचं-चालवायचं ॲप) फ्लॅटपॅकचं (लिनक्सवर ॲप टाकायची एक पद्धत) असेल तर मँगोहडही फ्लॅटपॅकचाच हवा. यात माझा अख्खा रविवार गेला. पडद्यावर आकड्यांची गर्दी वाटली की उजवा शिफ्ट आणि एफ१२ दाबा, मँगोहड लपतो.