अल्फा ०.९ आला, म्हणजे प्रश्नावली खरी ठरली का?

शंकासुर: 'माझ्या भावना मला नेमक्या ओळखता येतात.' या विधानापुढे १ ते ५ मधला आकडा निवडायचा. शुट आणि सहकाऱ्यांच्या १९९८च्या प्रश्नावलीत अशा धाटणीची ३३ विधानं आहेत. बेरीज केली की झाली तुमची भावनिक बुद्धिमत्ता! मग संशोधक क्रॉनबॅकचा अल्फा काढतो, तो ०.९च्या आसपास आला की 'साधन विश्वसनीय' लिहून मोकळा होतो. अहो, अल्फा फक्त विधानांचा आपसातला मेळ सांगतो. एकच प्रश्न शब्द फिरवून दहादा विचारा, तो वाढेल. सप्रमाणतेचं, म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जातंय का याचं, काय? ज्याला भावना ओळखता येत नाहीत, त्याला आपली ही उणीव तरी कशी कळावी? नोकरभरतीत या प्रश्नावल्या नकोतच.

मोजपट्टी: असहमत. अल्फापाशी थांबणाऱ्यांचा राग साधनावर का? काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी घ्या, घटक विश्लेषण करा, म्हणजे कोणती विधानं एका गटात पडतात ते पाहा. शिवाय अशीच प्रश्नावली रचणारे मानसशास्त्रज्ञ पेट्रिडिस तर उघडच म्हणतात की आम्ही क्षमता मोजत नाही, व्यक्तिमत्त्वाचा एक पैलू मोजतो. नैराश्याच्या प्रश्नावल्याही स्वतःच भरायच्या असतात, त्या चालतात ना?

शंकासुर: नैराश्यात माणूस स्वतःच्या त्रासाबद्दल सांगतो, तो त्यालाच ठाऊक असतो. इथे तो स्वतःच्या कौशल्याला गुण देतोय. गाणं सुरात होतं का, हे गाणाऱ्यालाच विचारण्यासारखं आहे हे. ब्रॅकेट आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये लोकांनी स्वतःला दिलेले गुण मेयर-सालोवे-करुसो चाचणीशी, म्हणजे प्रश्न सोडवायला लावून भावनिक क्षमता मोजणाऱ्या चाचणीशी, ताडून पाहिले, तर संबंध अगदी क्षीण निघाला.

काठावरून: त्या चाचणीला इतकं प्रमाण मानू नका. चेहऱ्यावर कोणती भावना किती आहे, अमुक प्रसंगी काय केलेलं बरं, असे १४१ प्रश्न. पण बरोबर उत्तर ठरवायचं कोणी? एका पद्धतीत बहुसंख्यांचा कौल, दुसऱ्या पद्धतीत २१ तज्ज्ञांचा. बहुसंख्यांच्या नजरेतून सुटलेली सूक्ष्म छटा एखाद्याला दिसली, तर त्याचेच गुण जाणार. दोन साधनं जुळत नाहीत यावरून चूक कोणाची, ते ठरत नाही.

शंकासुर: मुद्दा बिनतोड. भरतीबद्दल मात्र मत तेच. डे आणि कॅरल यांच्या २००८च्या अभ्यासात, आपण नोकरीचे उमेदवार आहोत असं समजून उत्तरं देणाऱ्यांचे बार-ऑनच्या (स्वतःच भरायच्या) प्रश्नावलीतले गुण वाढले, मेयर-सालोवे-करुसो चाचणीतले वाढले नाहीत. नोकरी हवी असलेला माणूस 'मला लोकांच्या भावना कळत नाहीत' असं कशाला लिहील?

मोजपट्टी: भरतीपुरतं मान्य. समुपदेशनात मात्र खोटं सांगून कोणाचा फायदा नसतो, तिथे प्रश्नावली राहू द्या. खरा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत: बुद्ध्यांक आणि व्यक्तिमत्त्वाचे पाच घटक (बहिर्मुखता, काटेकोरपणा वगैरे) आधीच मोजले असतील, तर या प्रश्नावलीमुळे माणसाच्या कामगिरीबद्दलचा अंदाज आणखी किती सुधारतो? प्रबंधात अल्फाच्या तक्त्याशेजारी तो तक्ता मागा.

काठावरून: मागून पाहिलाय. 'पुढील संशोधनासाठी शिफारशी' या प्रकरणात सापडतो तो.